पोलॅरीमीटर आणि उसाचं बिल

बी.एस्सी.ला आमच्याकडं पोलॅरीमीटरचं एक प्रात्यक्षिक असतं. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा लावायचा, वीस सेंटिमीटरच्या काचेच्या नळीत साखरेचं द्रावण भरायचं, बुडबुडा राहिला असेल तर तो नळीच्या फुगीर भागात सरकवायचा आणि भिंगाला डोळा लावायचा. आत एक गोल दिसतो, अर्धा उजळ, अर्धा काळसर. चकती हळूहळू फिरवत दोन्ही अर्धे सारखे दिसायला लागले की थांबायचं आणि कोन वाचायचा. शंभर मिलिलिटर द्रावणात दहा ग्रॅम साखर असेल, तर कोन साधारण १३.३ अंश येतो. त्यावरून साखरेचं विशिष्ट वलन, म्हणजे साखर प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती फिरवते ते, काढायचं, ६६.५ च्या आसपास आलं की जर्नलवर सही मिळते.

पंधरा वर्षं मी या जर्नलवर सह्या केल्या. मग एका वर्षी संकेश्वरकडचा एक मुलगा नळी पुसत पुसत म्हणाला, "मॅडम, असलं यंत्र आमच्या कारखान्याच्या लॅबमध्ये असतंय की ओ. चुलते तिथंच कामाला हायत. पोल बघतेत त्यातनं."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. साखर कारखान्यात पोल, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजतात हे मी कुठंतरी वाचलं होतं. पण माझ्या अंधाऱ्या खोलीतलं ते जुनं पितळी यंत्र आणि रस्त्यानं जाताना मळीच्या वासानं कळणारा कारखाना, या दोन गोष्टी मी आयुष्यात कधी एकत्र आणल्या नव्हत्या. त्या रात्री मी त्याच्या चुलत्यांना फोन लावला. उसाचा पहिला रस, मिश्र रस, चिपाड, मळी, सगळ्यांचे नमुने पाळीपाळीनं येतात, ब्रिक्स (विरघळलेला एकूण घनभाग) आणि पोल काढायचा, साखर कुठं निसटतेय ते शोधायचं, असं त्यांनी अर्धा तास समजावून सांगितलं. आज यंत्रं डिजिटल झालीत, आकडा पडद्यावर उमटतो. तत्त्व तेच आहे.

आणि हा आकडा कुणाच्या खिशात जातो? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं उसाची एफ.आर.पी., म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, १०.२५ टक्के उतारा (उसाच्या वजनातून निघणारी साखर) धरून. त्यापुढं उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागं ३.४६ रुपये वाढतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या घराला हा फरक ३,४६० रुपयांचा. माझ्या वर्गातली निम्मी मुलं उसावर शिकतात. त्यांच्या फीचे पैसे ज्या मोजणीवर येतात तीच मोजणी ती माझ्यासमोर करत होती, आणि हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून "आपल्या भागात सायन्सला स्कोप नाही" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. बेळगाव, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचं काम रोज चालतं. शिकवणाऱ्यांनी, घरच्यांनी आणि कारखानदारांनी मिळून मुलांपासून ते लपलेलं राहू दिलंय. त्यात कर्नाटक-महाराष्ट्र सीमेची भर पडते. जे मूल बाहेर पडू बघतं त्याला दोन राज्यांचे नियम, तीन भाषा आणि अर्ज भरायच्या तारखा एकट्यानं उलगडाव्या लागतात. या लेखात मला एवढंच मांडायचंय, पण तपशिलात जाऊन.

पी.यू.सी.नंतर, म्हणजे बारावीनंतर, आमच्याकडं कोण येतं ते आधी सांगते. नीटमध्ये नंबर लागला नाही, सी.ई.टी.त रँक खाली गेला, इंजिनीअरिंगची फी झेपणार नाही, अशी मुलं येतात. काही जण तर उघड सांगतात, वर्ष वाया जाऊ नये म्हणून आलोय. दर वर्गात चार-पाच जण असेही असतात, ज्यांना खरोखर हा विषय आवडतो. पण ते हे मोठ्यानं बोलत नाहीत. कारण लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "बी.एस्सी. करून काय करणार गा तू?" आणि मूल उत्तर देतं, "बी.एड. करणार." हे उत्तर दिलं की प्रश्न थांबतो. शिक्षकाच्या कामाला मी कमी लेखत नाही, माझे वडील खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. पण ज्या उत्तराचा उपयोग फक्त पाहुण्यांना गप्प करण्यापुरता आहे, त्यावर कुणी आयुष्य बेतू नये.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एकदा सकाळी सातला जाऊन बघावं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या एका फाउंड्रीत केमिस्ट आहे, तिनं मला पहिल्यांदा आत नेलं. भट्टीतून डावानं थोडं वितळलेलं लोखंड काढून तांब्याच्या साच्यात ओततात, नाण्याएवढा तुकडा झटक्यात गार होतो. झटक्यात का? सावकाश गार झाला तर आतला कार्बन ग्रॅफाइट होऊन बसतो आणि यंत्र त्याचा आकडा चुकीचा सांगतं. मग तो तुकडा पट्ट्यावर घासून सपाट करायचा, स्पेक्ट्रोमीटरवर ठेवायचा, आर्गॉनच्या झोतात ठिणगी पाडायची. ठिणगीच्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपापली रेषा सोडतं. कार्बनची रेषा १९३.१ नॅनोमीटरला, अतिनील भागात. हवेतला ऑक्सिजन ती गिळतो, म्हणून प्रकाशाची वाट निर्वात ठेवावी लागते किंवा आर्गॉननं भरावी लागते. तीन ठिणग्या, तीन आकडे, सरासरी. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. मग ती खिडकीतून भट्टीवाल्याला ओरडून सांगते, सिलिकॉन एवढं टाका. भट्टी तिच्या शब्दासाठी थांबलेली असते, कारण थांबलेल्या भट्टीला विजेचं बिल लागत असतं.

तिसऱ्या वर्षाला वर्णपटशास्त्राचा पेपर असतो. बोरचं अणूचं प्रतिरूप, ऊर्जापातळ्या, निवड नियम. मुलं पाठ करतात. ती मुलगीही तशीच पाठ करून पास झाली होती. ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं कशासाठी होतं ते मला इथं आल्यावर कळलं." मला ते लागलं. कळायला तिला नोकरी लागायची वाट बघावी लागली, तेही ओळखीच्या कुणीतरी जागा रिकामी आहे म्हणून सांगितल्यामुळं.

इथं कारखानदारांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लाखो रुपयांचं यंत्र तुम्ही आनंदानं घेता, कारण गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागतं. त्या यंत्राचा आकडा वाचणाऱ्या पोराला मात्र सुरुवातीचा पगार दुकानातल्या मुलाएवढा देता. मग तो दोन वर्षांत पुण्याला जातो आणि तुम्ही म्हणता, इथं माणसं टिकत नाहीत. वाळूची ओल, वायू सोडायची क्षमता, ओल्या साच्याची ताकद हे रोज तपासणारा माणूस खराब माल वाचवतो. त्यानं वाचवलेल्या मालाची किंमत काढा आणि मग पगार ठरवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीच्या डोंगरातलं बॉक्साइट वर्षानुवर्षं सीमा ओलांडून बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्यात आलं. कॉस्टिक सोड्यात ते विरघळवणं, लाल गाळ वेगळा करणं, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं बायरचं तंत्र आपल्या शहराच्या वेशीवर चालतं. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. तिथं भेग डोळ्याला दिसायच्या आधी शोधावी लागते: ध्वनिलहरींनी, क्ष-किरणांनी, रंगीत द्रवानं, चुंबकीय कणांनी. या परीक्षणाचे छोटे अभ्यासक्रम आहेत, पातळ्या आहेत, आणि पदार्थविज्ञानाचा पदवीधर त्यात बसतो. हवाई जहाजाच्या भागात कुठंतरी पोकळी आहे हे प्रतिध्वनीच्या वेळेवरून सांगणं हे पदार्थविज्ञानच आहे. खानापूरला केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे, माती आणि भट्टीचं शास्त्र शिकवणारी. बेळगावात निजलिंगप्पा साखर संस्था आहे, रसायनशास्त्र घेऊन पदवी झालेल्याला तिथून कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाता येतं. आमच्या कॉलेजच्या सूचनाफलकावर यांतल्या एकाही संस्थेचं नाव मी कैक वर्षं पाहिलं नाही.

हे झालं जवळचं. पण जवळच्यावर मुलांना अडवून ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही. काहींची झेप मोठी असते, आणि तिथं सीमा आडवी येते.

माझंच सांगते. धारवाडला एम.एस्सी. झाल्यावर मी नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, दोनदा दिली, थोडक्यात हुकली. मग कर्नाटकची सेट, म्हणजे तशीच राज्यपातळीवरची परीक्षा, दिली आणि पास झाले. घरी पेढे वाटले. काही महिन्यांनी सीमेपलीकडच्या एका कॉलेजात जागा निघाली, आमच्या गावापासून एस.टी.नं तासाभरावर. मुलाखतीच्या दिवशी कागद बघून मला सांगण्यात आलं की कर्नाटकची सेट महाराष्ट्रात चालत नाही. नियम खरा होता. १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालते. नेट मात्र देशभर चालते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. ज्या मुलीचं माहेर एका राज्यात आणि तासाभरावरचं कॉलेज दुसऱ्या राज्यात, तिच्यासाठी नेट आणि सेट यांतला फरक म्हैसूर किंवा नाशिकच्या मुलीपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी आधी नेटच्या मागं लागायला सांगते. सेट द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

आता नवीन गुंता झालाय. कर्नाटकानं २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांवर आलं. महाराष्ट्र चार वर्षांच्या वाटेवर आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर यू.जी.सी.च्या नियमानं थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, तीन वर्षांवाल्याला आधी एम.एस्सी. करावी लागते. महाराष्ट्रातल्या कागलचा आणि कर्नाटकातल्या निपाणीचा मुलगा एकाच बाजाराला येतात, एकाच बोलीत बोलतात. त्यांनी कुठं प्रवेश घ्यावा याचं उत्तर आता एक नाही. ज्याला लवकर नोकरी हवी त्याला तीन वर्षं बरी. ज्याला संशोधनाकडं जायचंय त्यानं दोन्हीकडचा हिशेब मांडावा. पण हा हिशेब मांडून दाखवायला कुणीतरी बसलं पाहिजे ना?

आणि कन्नडचा प्रश्न. हे लिहिताना माझ्या काही जवळच्या माणसांना वाईट वाटेल, तरीही लिहिते. मराठी शाळा टिकावी म्हणून मी सह्या गोळा केल्यात, मोर्चात चाललेय, माझी दोन्ही मुलं मराठी माध्यमातून शिकली. पण कर्नाटक सरकारच्या नोकरभरतीत कन्नडचा पेपर पास व्हावा लागतो, मग ती जागा प्राध्यापकाची असो की खाण आणि भूगर्भ खात्यातली. आपली मुलं कन्नड बोलतात, बाजारात वाद घालतात, सिनेमे बघतात, आणि लिहायचं म्हटलं की हात आखडतात. एक वर्ष मन लावून कन्नड लिहायला शिकलं तर मराठी कमी होत नाही. ज्याला तीन लिप्यांत वाचता येतं तो माणूस मला प्रयोगशाळेत हवा असतो. भाषेचा लढा आपण मोठ्यांनी लढावा, पोराच्या नोकरीचा बळी देऊन लढू नये.

महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी अभियांत्रिकीच्या प्रवेशात वेगळी सोय ठेवली, ती घरोघरी माहीत आहे. त्याचा अनेकांना फायदा झाला, तो मी नाकारत नाही. पण त्यामुळं हुशार मूल म्हणजे इंजिनीअर हे समीकरण आणखी घट्ट झालं. मूलभूत विज्ञानाची वाट त्या चर्चेत कधी आलीच नाही.

या सगळ्यात मला सगळ्यात मोकळी वाटते ती केंद्र सरकारच्या संस्थांची वाट. तिथं तुम्ही सीमेच्या अलीकडचे की पलीकडचे हे कुणी विचारत नाही. कारवार तालुक्यातल्या कैगाचंच बघा. २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या, त्यातली पहिली सलग ९६२ दिवस चालून २०१८ च्या अखेरीस थांबली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. असं केंद्र चालवायला बी.एस्सी. झालेली मुलंही लागतात. अणुऊर्जा महामंडळ प्रशिक्षणार्थी म्हणून त्यांना घेतं, पदवीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, गणित आणि ६० टक्के गुण असावे लागतात, शिकताना विद्यावेतन मिळतं, नंतर सायंटिफिक असिस्टंटची नोकरी. कैगा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. हवामान खात्यासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशननं २०२२ मध्ये ९९० सायंटिफिक असिस्टंटच्या जागा काढल्या, बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान असलेल्याला अर्ज करता येत होता. त्या वर्षी आमच्या गावाकडची मुलं पोलीस भरतीसाठी पहाटे पळत होती. पळणं चांगलं आहे. पण त्यांतल्या बी.एस्सी.वाल्यांना तरी कुणी ही जाहिरात दाखवली होती का?

एम.एस्सी.नंतरच्या वाटांत भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा आहे, १९५७ पासूनची. वर्षभराचं प्रशिक्षण झालं की थेट वैज्ञानिक अधिकारी, मूळ पगार ५६,१०० पासून. भूगर्भशास्त्र घेतलेल्यांसाठी यू.पी.एस.सी.ची भूवैज्ञानिकांची परीक्षा आहे, तीत रसायनशास्त्रवाल्यांनाही जागा असतात. आणि भूगर्भशास्त्राला आपल्याएवढा चांगला प्रदेश कुठला? दख्खनचा काळा कातळ आपल्याच जिल्ह्यात संपत जातो आणि गोकाकला घटप्रभा ज्यावरून उडी घेते तो वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावर कराडला केंद्राची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी तिनं तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय.

पण ज्या एका कामाबद्दल मी अलीकडं सगळ्यात जास्त बोलते ते वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचं. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देतात तेव्हा गाठीला किती मात्रा, कुठल्या कोनातून, शेजारच्या फुप्फुसाला आणि मणक्याला कमीत कमी किती, हा हिशेब डॉक्टर एकटे करत नाहीत. एम.एस्सी. पदार्थविज्ञान झालेला माणूस तो करतो. सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी तो यंत्राखाली मोजणीचं साधन ठेवून किरणांची मात्रा तपासतो, फरक दिसला तर यंत्र सुरू होऊ देत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानं असा माणूस नसेल तर किरणोपचार केंद्र चालवताच येत नाही. एम.एस्सी.नंतर किरणोत्सर्ग भौतिकीचा वर्षाचा डिप्लोमा आणि वर्षभराची इंटर्नशिप, एवढी वाट आहे. बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, तिन्हीकडं किरणोपचार होतात. माझ्या नात्यातली एक बाई दीड महिना रोज त्या यंत्राखाली झोपत होती. तिचा हिशेब मांडणारा मुलगा पदार्थविज्ञानाचा होता हे तिला मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या पोरांसारखा?" होय, माझ्या पोरांसारखाच.

डॉक्टर व्हायचं राहून गेलं म्हणून रडत बी.एस्सी.ला आलेल्या मुलीला हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं.

संशोधनाबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात. जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, हे जानेवारी २०२३ पासूनचे दर आहेत. रक्कम वाईट नाही, पण ती वेळेवर येईलच असं नसतं, आणि त्या वयात बरोबरीचे मित्र घर बांधत असतात. नंतर पोस्ट-डॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम, एक, कधी दोन, बहुधा परदेशात. मग कायम जागेची वाट. आपला देश संशोधनावर सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्यामुळं जागा कमीच राहतात. २०२३ च्या कायद्यानं राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींची भाषा झाली, त्यातला बराच मोठा हिस्सा खाजगी क्षेत्राकडून यायचा आहे. तो आला तर मला आनंदच होईल. पण आज अठरा वर्षांच्या मुलाला त्या आशेवर पाठवणं मला पटत नाही. ज्याला प्रश्न झोपू देत नाहीत त्यानं जावं, आणि घरच्यांनी त्याला दहा वर्षं "अजून किती शिकणार?" असं विचारू नये. बाकीच्यांना वर सांगितलेल्या वाटा आहेत. त्याही विज्ञानाच्याच आहेत, त्यांत कमीपणा काही नाही.

ज्यांना जायचंय त्यांचं नुकसान बुद्धीनं होत नाही, तारखेनं होतं. आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हे ठरवावं लागतं. आमची मुलं जुलैत निकाल हातात आल्यावर विचारतात, "आता पुढं काय?" तोपर्यंत त्या वर्षाचं दार बंद झालेलं असतं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती, पुण्याची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा, एम.एस्सी.च्या मुलींसाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टी.आय.एफ.आर.) विज्ञान विदुषी कार्यक्रम, सगळ्यांचं तसंच. अर्ज मोफत किंवा नाममात्र, पण तारीख उलटली की वर्ष गेलं.

मुलींच्या बाबतीत तारखेच्या आधी आणखी एक दार असतं. खानापूर भागातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला पुण्यातल्या एका संस्थेत उन्हाळ्यातले दोन महिने काम करायची संधी मिळाली. वडील कॉलेजात आले. चपला दाराबाहेर काढून आत आले आणि उभ्यानंच विचारलं, "तिथं आपलं कोण हाय?" त्यांना शिष्यवृत्तीची रक्कम ऐकायची नव्हती. वसतिगृह कसं आहे, दार किती वाजता बंद होतं, बरोबर आणखी मुली आहेत का, हे ऐकायचं होतं. मी संस्थेत फोन लावून त्यांना तिथल्या वॉर्डनशी बोलायला दिलं. पाच मिनिटं बोलले, मराठीत. मुलगी गेली. त्या पाच मिनिटांसाठी कुणी हाताशी नसतं म्हणून किती मुली राहून गेल्या असतील, या विचारानं मला अजून त्रास होतो.

मला काय हवंय ते सांगते. कॉलेजांनी दुसऱ्या वर्षापासून या तारखा वर्गात लावाव्यात आणि एका शिक्षकाचे आठवड्यातले दोन तास अधिकृतपणे या कामाला द्यावेत. पदरमोड करून, तासानंतर जिन्यात उभं राहून हे काम होत नाही. उद्योगांनी आपल्या प्रयोगशाळांची दारं वर्षातून दोन दिवस उघडावीत. आणि सगळ्यात मनापासूनची मागणी आपल्या मराठी माणसांकडं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, गावोगावी आपण साहित्य संमेलनं भरवतो. ग्रंथदिंडी निघते, बाया डोक्यावर कलश घेऊन चालतात, मांडव भरतो. या मांडवात एक तास विज्ञानाला द्या. कुणा मोठ्या पाहुण्याला बोलावू नका. उद्यमबागेतली केमिस्ट, कैगातला त्याच तालुक्याचा सायंटिफिक असिस्टंट, कोल्हापूरच्या दवाखान्यातला भौतिकतज्ज्ञ यांना बोलवा आणि त्यांना त्यांचं रोजचं काम मराठीत सांगू द्या. आईवडील तिथं बसलेले असतात. मुलाला माहिती मी वर्गात देऊ शकते, पण निर्णय चुलीपाशी होतो, आणि त्या घरापर्यंत मांडव पोहोचतो, माझं भित्तिपत्रक पोहोचत नाही. मराठी टिकवायची म्हणजे तिच्यात कथा-कविता लिहायच्या, हे खरंच आहे. किरणांची मात्रा, कार्बनची रेषा आणि उसाचा उतारा यांच्याबद्दल त्याच भाषेत मोकळेपणानं बोलता आलं, तर ती आमच्या पोरांच्या पोटापाण्याच्या जागीही राहील.

कुणी म्हणेल, आता कॉम्प्युटरचा जमाना आहे, हे सगळं सोडून कोडिंग शिकवा. कोडिंग शिकवावंच. मोजलेल्या आकड्यांचा आलेख काढायला, यंत्राला संगणक जोडायला ते लागतं, आणि पदार्थविज्ञानाच्या मुलाला ते लवकर जमतं. पण भट्टीतलं लोखंड, रुग्णाच्या अंगात शिरणारा किरण आणि उसातली साखर आधी कुणीतरी नीट मोजावी लागते, मग तिचा कोड होतो.

यंदा मी प्रात्यक्षिक बदललंय. मुलांना सांगितलं, दुकानातली साखर नको, आपापल्या रानातला रस आणा. तीन जातींचा ऊस आला, एकानं खोडव्याचा वेगळा आणला. रस गढूळ, नितळ करून घ्यायला अख्खी दुपार गेली, एकीची नळी फुटली, आकडे पुस्तकासारखे आले नाहीत. का आले नाहीत यावर मात्र जो वाद झाला, तसा वाद त्या खोलीत आधी कधी ऐकला नव्हता. संकेश्वरच्या त्या मुलाच्या चुलत्यांनी कारखान्याच्या मुख्य केमिस्टशी बोलून डिसेंबरात आमच्यासाठी एक सकाळ ठरवलीय, चाळीस मुलं आणि एक बस. ऑफिसमधून विचारणा आली की ही सहल अभ्यासक्रमाच्या कुठल्या घटकात बसते. मी अर्जावर लिहिलं, प्रात्यक्षिक क्रमांक सात.